हरकाचं नवं

आश्विन लागला की साताऱ्याच्या मंडईबाहेर खेड्यातल्या बायका झेंडूच्या ढिगाशेजारी जुड्या मांडून बसतात. भाताच्या लोंब्या, नाचणीची दोन कणसं, आंब्याची पानं आणि कुरडूचा एखादा गुलाबी तुरा, असं सगळं सुतळीनं बांधलेलं. लोक हौसेनं घेतात, दाराला लावतात. माझी सूनही दरवर्षी एक जुडी आणते आणि स्टुलावर चढून चौकटीला बांधते. खाली उभी राहून मी तिला सुतळी देते. ओल्या पेंढ्याचा तो वास नाकात गेला की मी सुतळी द्यायची विसरते. तिला वाटतं, सासूबाईंचं वय झालं. मीही तसंच वाटू देते.

माझं माहेर इस्लामपूरच्या बाजूचं. तिथं सगळीकडे ऊस. उसाला नवं नसतं, म्हणजे नव्या धान्याचा सण नसतो. तो बैलगाडीत चढतो आणि कारखान्याला जातो, घराचा उंबरा काही तो ओलांडत नाही. त्यामुळे घरात आलेल्या दाण्याचं स्वागत करायचं असतं, त्याला काजळाचं बोट लावायचं असतं, त्याच्यासमोर हळू बोलायचं असतं, हे मला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं. लग्न होऊन मी मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावात आले. मेढ्याला एस.टी.तून उतरायचं आणि दोन तास चढायचं. नवरा फौजेत. हळद निघायच्या आत तो परत गेला. घरात राहिलो तिघंच: मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्यांची विधवा बहीण, जिला सगळं गाव आत्याबाई म्हणायचं, आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

आत्याबाई उंच होत्या, काटकुळ्या. नाकातली नथ गेली होती, पण भोक बुजलं नव्हतं. केस पांढरेशुभ्र, मानेवर घट्ट गुंडाळलेले. ऐन तारुण्यात नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून त्या भावाकडे परत आल्या आणि इथंच राहिल्या. त्यांच्या हाताला कायम हळदीचा आणि धुराचा वास असायचा. आणि त्यांना बारीकसारीक पुष्कळ काही येत होतं. कुणाचं तान्हं रात्रभर रडलं तर त्या मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायच्या. गाय पान्हा चोरायला लागली तर तिच्या कानाशी जाऊन काहीतरी पुटपुटायच्या आणि गाय खरोखर दूध सोडायची. खळ्यावर रास पडली की तिच्याभोवती राखेची रेघ ओढायच्या आणि माप घेताना कुणाला बोलू द्यायच्या नाहीत. धान्याच्या कणगीला शेणानं लिंपलं की ओल्यावरच पाच बोटं उमटवायच्या.

"हे कशाला, आत्याबाई?" मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"दान्याला कळाय नगं, आपन कुनाच्या घरात आलोय?" त्या म्हणाल्या. "पावन्यासारखा येतो गं त्यो. बिचकतो."

मला ते आवडायचं. नवरा नसलेल्या घरात, धुकं उंबऱ्यापर्यंत येणाऱ्या त्या डोंगरात, त्या राखेच्या रेघांनी आणि काजळाच्या टिकल्यांनी मला फार आधार दिला. संध्याकाळी त्या चुलीपुढे बसून लोंब्या विणायच्या, मी शेजारी बसायची. घर उबदार वाटायचं. त्यांची भीती वाटेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

मग दुष्काळ आला. आमच्या डोंगरात एरवी पावसाला तोटा नाही, पण त्या साली त्यानं डोंगराकडेही पाठ फिरवली. भाताची रोपं वाफ्यातच पिवळी पडली. पूर्वेकडून, माणदेशाकडून, जनावरं घेऊन माणसं वर येत आणि आमच्याकडेही काही नाही हे बघून तशीच खाली जात. रेशनवरच्या लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरी आम्ही वर्षभर खाल्ल्या. त्या भाकरीचा तुकडा घशाखाली उतरायला पाण्याचा घोट लागायचा. कणगी रिकामी झाली, तेव्हा आत्याबाईंनी तिच्यात एक पणती लावून ठेवली. मामंजी रागावले, "रिकाम्या कनगीत दिवा लावत्यात व्हय?" तर म्हणाल्या, "अंधार ठिवला तर ती इसरंल, दादा."

मी सांगतेय तो हंगाम त्याच्या पुढच्या सालातला.

त्या वर्षी पाऊस आला. पण भाताचं बी उशिरा मिळालं, लावणी उशिरा झाली आणि आश्विन उजाडला तरी खाचरांत भात हिरवंच होतं. वरच्या माळावर मात्र मामंजींनी हरीक टाकला होता. हरीक म्हणजे डोंगरउतारावरचं गरिबाचं धान्य, बारीक, तपकिरी. खडकाळ सड्यावरही येतं, काही मागत नाही. कित्येक वर्षांत आमच्या घरी तो पेरला नव्हता. तेवढाच तयार झाला होता.

त्या दिवसांत गाव कसं होतं ते आठवलं की मला आजही नवल वाटतं. पीक समोर उभं होतं आणि कुणी हसत नव्हतं. "यंदा बरं हाय" असं कुणी तोंडातून काढत नव्हतं. पाणवठ्यावर बायका पिकाबद्दल कुजबुजत बोलायच्या. कुणी नवखा वाटेनं गेला तर बायका पदर आवरतात तसं सगळे त्याच्या नजरेआड पीक आवरू बघायचे. एकदा ढग दाटून आले आणि मामंजी जेवता जेवता उठून बाहेर गेले, ते हात वाळले तरी परत आले नाहीत. वर्षभर उपाशी होतो तेव्हा एवढी भीती नव्हती. ताटात येऊ घातलेलं जाईल याची भीती फार मोठी असते.

आणि हरकाच्या कापणीतच पाऊस पडला. तीन दिवस भुरभुर. पेंढ्या ओल्याच घरात आणल्या, चुलीच्या उबेला पसरल्या. सगळं घर त्या कुबट, गोडसर वासानं भरलं. दाणे काळसर दिसत होते. आत्याबाईंनी मूठभर तळहातावर घेऊन उजेडात पाहिले, जरा वेळ पाहतच राहिल्या. मग म्हणाल्या, "पावसानं काळवंडलाय. व्हईल नीट."

आमच्या भावकीची सात घरं. आश्विनातल्या पुनवेला नवं असायचं, आणि साती घरांचं नवं आत्याबाईंच्या हातचं. नव्या धान्याची खीर करायची, घरातल्या देवाला, चुलीला, कणगीला, गोठ्यातल्या जनावरांना दाखवायची, मग सगळ्यांनी अंगणात बसून घासभर खायची. करणारीनं सगळ्यात शेवटी खायचं, ही रीत. त्या साली भात नव्हतं, म्हणून हरकाचं नवं करायचं ठरलं.

पुनवेच्या दिवशी सकाळी मी पाणी घेऊन माजघरात शिरले तेव्हा आत्याबाई कणगीमागे वाकलेल्या दिसल्या. केस मोकळे होते. मी त्यांना मोकळ्या केसांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी फडक्याच्या चिंधीत हरकाचे दाणे ठेवले, एक बिब्बा ठेवला, आणि हातातली केसांची गुंतवळ त्यावर ठेवून गाठ मारली. ओठ हलत होते. ती पुरचुंडी त्यांनी कणगीच्या बुडाशी सारली. पांढरे केस होते ते. खिडकीचा कवडसा त्यांच्यावरच पडला होता, मला स्वच्छ दिसलं. मी पाय न वाजवता मागं फिरले. का कोण जाणे, विचारावंसं वाटलं नाही. केसांची पुरचुंडी कशाला करतात याबद्दल लहानपणी जे काही ऐकलं होतं ते सगळं एकदम आठवलं.

दुपारी अंगणात पंगत बसली. पितळी पातेल्यात गूळ घालून शिजवलेली खीर, तपकिरी, दाट. वर्षभरानं घरच्या धान्याचा वास सुटला होता. म्हातारी माणसं डोळे मिटून खात होती. शेजारच्या गंगूबाईंची लेक शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, नववा लागला होता. तिला आत्याबाईंनी वाटी काठोकाठ भरून दिली. वर पुन्हा दिली.

"आवं, बास की आत्याबाई," शेवंता हसत म्हणाली.

"दोन जिवांची हाईस. खा. तुज्या पोराला पयल्या दिसापासनं ठावं पायजे, की आपल्या डोंगरात खायाला मिळतंय."

उन्हं कलायच्या आत शेवंताला गरगरायला लागलं. आधी ती भिंतीला टेकून बसली. मग उलट्या. मग तिचे हातपाय थरथरायला लागले, जीभ जड झाली, हाक मारली तर डोळे उघडायची आणि दुसरीकडेच बघायची. गंगूबाईंचा आवाज आमच्या अंगणापर्यंत आला, "माज्या पोरीला काय झालं गं बया!" मी धावत गेले. तोवर पलीकडच्या घरातले एक म्हातारे वाटेतच खाली बसले होते, त्यांना उठता येईना. आणखी दोघी-तिघी डोकं धरून बसल्या होत्या. माझेही हात कापत होते. मला वाटलं, भीतीनं.

तासाभरात गल्लीत माणसं जमली. शेवंताचा भाऊ ज्ञानू दारात उभा होता. चांगला माणूस, एरवी आमच्या घरची कामं न सांगता करणारा. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"समद्यांनी एकाच हातचं खाल्लंय," तो म्हणाला.

एवढंच. नाव घेतलं नाही. पण ते वाक्य पडल्याबरोबर आमच्या घराच्या दिशेनं सगळ्यांच्या माना वळल्या, त्या मी पाहिल्या. ज्या बायका काल आत्याबाईंकडून पोराची दृष्ट काढून घेऊन गेल्या होत्या त्याच म्हणू लागल्या, तिला लय येतंय. जिला उतरवता येतंय तिला चढवता येत नसंल व्हय? तिला पोर न्हाई, भरल्या पोटाचं तिला बघवलं न्हाई. दुष्काळात रिकाम्या कणगीत दिवा कशाला लावत व्हती? भीती ही अशी गोष्ट आहे की तिला आठवणीतलं सगळं उपयोगी पडतं.

गंगूबाईंनी माझा दंड धरला. "पोरी, तू त्याच घरात ऱ्हातीस. खरं सांग. तू काय बगितलंस का?"

मी काही नाही म्हणाले असते तर? हा प्रश्न मी स्वतःला पन्नास वर्षं विचारते आहे. समोर शेवंता पडली होती, माझ्याच वयाची. तिच्या पोटावरचं लुगडं थरथरत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्या गावात परकी होते, त्याच घरातली होते, आणि मला वाटलं, मी बोलले नाही तर ते मलाही आत्याबाईंना सामील समजतील.

"पुरचुंडी बांदली व्हती," मी म्हणाले. "कनगीमागं. दाने, बिब्बा... आन केस."

"कुनाचं केस?"

मला माहीत होतं. कवडशातले ते पांढरे केस माझ्या डोळ्यांसमोर होते. मी मान खाली घातली आणि गप्प राहिले.

शेवंताचे केस लांब, काळेभोर होते. बाकीचं त्यांनी आपापलंच जोडून घेतलं.

ज्ञानूनं आमच्या माजघरातून ती पुरचुंडी काढली. उघडायची कुणाची छाती झाली नाही. त्यानं ती काठीच्या टोकाला अडकवून गंगूबाईंच्या ओसरीवर टांगली. आत्याबाईंना गोठ्यात बसवलं आणि दाराला आडणा घातला.  मामंजी उंबऱ्यावर बसून राहिले. फौजी पोराचा बाप म्हणून गावात त्यांचा मान होता, पण ते मध्ये पडले नाहीत. मला आता वाटतं, त्यांनाही थोडं खरं वाटलं असावं. ज्ञानूनं सांगितलं, उजाडताच पाटणच्या अंगाच्या एका गावातून देवऋषी आणायचा. तो सांगेल तसं. गाव सोडायला सांगितलं तर गाव सोडायचं.

ती रात्र कशी गेली हे सांगण्यासारखं नाही. मी जागीच होते.

सकाळी मेढ्याची अमिनाबी आली. ती कासारीण, पन्नाशीची, पांढऱ्या लुगड्यातली, डोक्यावर बांगड्यांची दुरडी. आसपासच्या सगळ्या वाड्यांवर तिचं फिरणं असायचं आणि लेकीबाळींचे हात तिला तोंडपाठ होते. शेवंताला ओटभरणाच्या बांगड्या भरायला गंगूबाईंनीच तिला सांगून ठेवलं होतं. ती आली तेव्हा ओसरीवर सुतकासारखी शांतता होती. तिनं दुरडी उतरवली, शेवंताचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"काय खाल्लं व्हतं हिनं?"

"नवं," गंगूबाई म्हणाल्या.

"कसलं नवं? वर येताना बगितलं की मी. भात तर हिरवं हाय समद्यांचं."

"हरकाचं."

अमिनाबीनं मान वर केली. "कापनी पावसात झाली व्हय?"

 मीच म्हणाले, "व्हय. दाने काळं पडलं व्हतं."

"आवं, मग माजलाय त्यो हरीक!" ती म्हणाली. "भिजल्याला हरीक माजतो, खानाऱ्याला चडतो. माज्या आजोळी आमी समदी पोरं अशी पडलो व्हतो, दारू पिल्यावानी. आजी उभी ऱ्हाईली तर भितीला धडकायची. दोन दिसांत समदी नीट. ताक पाजा हिला, ताक. आन नंतर खाली डाकतराला दावा."

"तुजं ऐकून लेक घालवू व्हय?" गंगूबाईंचा आवाज चिरका झाला. "करनी हाय ही. पुरचुंडी घावलीया."

अमिनाबीनं पुरचुंडीकडे पाहिलं, ओसरीवरच्या माणसांकडे पाहिलं. मग अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "आन त्या कोंबड्यांवर कुनी करनी केली?"

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. काल खिरीच्या पातेल्याची खरवड गंगूबाईंनी आपल्या उकिरड्यावर टाकली होती. तिथं त्यांच्या चार कोंबड्या होत्या. एक पंख पसरून आडवी पडली होती. दुसरी दोन पावलं चालायची आणि कलंडायची, पुन्हा उठायची, पुन्हा कलंडायची. त्या सकाळपासून तशाच असणार. आठ-दहा माणसं त्या अंगणात बसून होती, आणि एकाचंही लक्ष गेलं नव्हतं. आम्ही सगळे गोठ्याच्या दाराकडे बघत होतो.

मी उठले. घरात जाऊन ताकाचं मडकं आणलं. शेवंताच्या ओठाला फुलपात्र लावताना माझे हात कापत होते, आणि तेव्हा मला कळलं की माझीही थरथर कालपासूनची आहे, आणि ती सगळी भीतीची नाही. मीही तीच खीर खाल्ली होती. घासभर. शेवंतानं दोन वाट्या खाल्ल्या होत्या, कारण आत्याबाईंनी तिला मायेनं दोन वाट्या वाढल्या होत्या.

दुपारपर्यंत ती उठून बसली. पोटात बाळ हललं म्हणाली. गंगूबाई तेव्हा रडल्या.

पण गोष्ट तिथं मिटली नाही. सूर्य माथ्यावरून कलायला ज्ञानू देवऋषीला घेऊन आला. जाड माणूस, कपाळभर भंडारा. कोंबड्यांचं त्याला सांगितलं, तर तो हसला. "हरीक माजला, खरं. पर का माजला? आजवर न्हाई माजला त्यो?" लोक पुन्हा गोठ्याकडे बघू लागले. ज्ञानूनं काठीवरची पुरचुंडी त्याच्या पुढ्यात ठेवली. "आन ह्ये केस? हरीक माजला तर केस कशापायी बांदलं?"

 त्या माणसाची भीती वाटत होती, ज्ञानूची वाटत होती, आणि गोठ्याच्या दारामागं बसून हे सगळं ऐकणाऱ्या बाईची सगळ्यात जास्त वाटत होती. मी पुढं झाले आणि पुरचुंडी उचलली. कुणीतरी "आगं, हात लावू नगंस!" म्हणून ओरडलं. मी गाठ सोडली.

"पांढरं हायेत," मी म्हणाले. "आत्याबाईंचंच हायेत. मला काल बी म्हायीत व्हतं. मी बोलले न्हाई."

केस तळहातावर घेऊन मी एकेकासमोर धरले. ज्ञानूनं पाहिलं. गंगूबाईंनी पाहिलं. आपल्याच केसांनी दुसऱ्यावर करणी कशी करतात, हे त्या देवऋषीलाही सुचलं नाही. तो म्हणाला, मंग बाईनं सोताच्या जिवावर घेतलंय, आमचं काय काम न्हाई. नारळ घेऊन तो गेला.

आडणा मामंजींनी काढला. आत्याबाई बाहेर आल्या, पाठीला पेंढा लागलेला, आणि सरळ चुलीकडे गेल्या. विस्तव पार विझला होता. त्या फुंकत बसल्या. अंगणात माणसं अजून उभी होती. कुणी क्षमा मागितली नाही. आमच्याकडे तसं कुणी बोलून मागत नाही. दुसऱ्या दिवशी गंगूबाईंनी दह्याचं गाडगं पाठवलं, ज्ञानूनं उरलेल्या पेंढ्या खळ्यावर नेऊन वाळवल्या, तेवढंच. शेवंताला डोलीत घालून खाली मेढ्याच्या दवाखान्यात दाखवून आणलं. महिन्याभरानं तिला मुलगी झाली, गोरी, धडधाकट.

आत्याबाई माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. बोलत नव्हत्या असंही नाही. मीठ दे, कडबा टाक, एवढं. पाचव्या दिवशी आम्ही दोघी मागच्या दारी भांडी घासत होतो, तेव्हा वर न बघता त्यांनी विचारलं:

"तुला तवाच दिसलं व्हतं न्हवं, पांढरं हायेत म्हनून?"

"व्हय."

"मग?"

"भ्या वाटलं," मी म्हणाले. दुसरं काही नव्हतंच.

त्या तवा घासत राहिल्या. तो उलटा करून म्हणाल्या, "मला बी."

मग तुटक तुटक सांगितलं. त्यांची आई सांगायची, हरीक वर्षभर कणगीत ठेवायचा, मगच खायचा. पावसातला तर खायचाच नाही. "म्हायीत व्हतं गं मला. दाना काळा दिसला तवा मनात आलं बी. पर समदी वाट बगत व्हती. नव्याला जुनं कुटनं आनू?" म्हणून त्यांनी केस बांधले. काही वाईट असेल तर माझ्यावर येऊ दे, पोरांवर नको, असं म्हणून. "आन पोरगी पडल्यावर गोठ्यात बसून वाटाय लागलं, लोक म्हनत्यात तेच खरं असंल. माज्याच हातात काय तरी असंल."

 मी राखेनं घासलेलं फुलपात्र पुन्हा घासायला घेतलं.

पुढच्या साली भात चांगलं झालं. पुनवेच्या आदल्या दिवशी गंगूबाई स्वतः आल्या. शेवंताची मुलगी त्यांच्या कडेवर होती. "आत्याबाई, नवं तुमीच करायचं," म्हणाल्या.  दुसऱ्या दिवशी पहाटेच उखळाचा आवाज आला.

अंगणात पंगत बसली. खीर पांढरी, वासाच्या भाताची. मी वाट्या मांडल्या. आत्याबाई पातेलं घेऊन आल्या आणि सगळ्यांच्या मध्ये खाली बसल्या. करणारीनं शेवटी खायचं, पण त्यांनी पहिली वाटी स्वतःला वाढून घेतली. सगळ्यांना दिसेल अशी खाल्ली. शेवटी वाटी बोटानं पुसून घेतली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिल्या. कुणाकडे बघत नव्हत्या. उन्हाची तिरीप अंगणातल्या दगडावरून दुसऱ्या दगडावर सरकली. पोरं चुळबुळ करायला लागली.  खूप वेळानं त्यांनी आपले हात वर धरून पाहिले, ते स्थिर होते. तेव्हा त्या उठल्या आणि वाढायला लागल्या.

दरवर्षी त्यांनी तसंच केलं. बारा वर्षं, शेवटच्या आश्विनापर्यंत. कणगीमागं पुरचुंडी मात्र पुन्हा कधी दिसली नाही. गाईच्या कानाशीही त्या पुन्हा बोलल्या नाहीत. कुणी पोर घेऊन आलं तर म्हणायच्या, "मला काय येत न्हाई गं. डाकतराकडं जा." पोरं डॉक्टरकडे जाऊ लागली, ते बरंच झालं. पण त्या घराची ऊब गेली, आणि ती घालवणाऱ्यांत मी होते.

नवऱ्यानं फौज सोडल्यावर आम्ही साताऱ्यात आलो. भावकीची जमीन अजून वर आहे. मध्ये एका वर्षी पुनवेला जाणं झालं. ती माणसं कुणी उरली नव्हती. शेवंताच्या भावाची, ज्ञानूची, नातसून खीर करत होती, विशीतली, जीन्सवर ओढणी घेतलेली. पंगत बसल्यावर तिनं पहिली वाटी स्वतः खाल्ली. मग हात मांडीवर ठेवून गप्प बसली. सगळं अंगण गप्प बसलं. माझ्या शेजारी पुण्याहून आलेली एक पाहुणी होती, तिनं हळूच विचारलं, "हे काय?"

त्या मुलीनं ऐकलं. हसून म्हणाली, "आमच्याकडची रीत आहे. जी नवं करते, ती आधी खाते. मग थोडा वेळ थांबायचं आणि हात बघायचे. देवीचं असतं काहीतरी."

आणि तिनं आपले दोन्ही हात उजेडात धरले, आणि सगळ्यांना दाखवले.